काळ्या टेपेचा ग्लास

अन्याय झाला तो अभिनंदनवर. अभिनंदन आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. वय तेवीस, घरचं किराणा दुकान, जैनाचं पोरगं, उडी अशी की डोकं क्रॉसबारला लागावं. २००३ सालच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेतीन वाजता, मॅचला अर्धा तास असताना हा अन्याय झाला. त्या वेळी अभिनंदनला कुणी काही बोललंही नव्हतं. तो बाकावर बसून मोज्यांना टेप गुंडाळत होता. टी.बी. मला झाला होता आणि वेगळा ग्लास माझ्यासाठी ठेवला होता.

मग अन्याय त्याच्यावर कसा झाला, हे सांगण्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडं पेठेपेठेच्या तालमीची फुटबॉल टीम असते, पण आमच्या तालमीचं नाव लिहीत नाही. भीतीपोटी नाही. नाव लिहिलं की बाकीच्या पेठा म्हणणार, 'त्यांच्यातच असलं चालतंय.' तुम्ही आपापल्या तालमीचं नाव घाला आणि वाचा.

मेक्सिको

माझं नाव सुगत. घर गडमुडशिंगीत, वडील एस.टी. वर्कशॉपमध्ये फिटर. पण स्टेडियममध्ये मला या नावानं कुणी ओळखत नाही. तिथं मी मेक्सिको.

अठ्ठ्याण्णवच्या वर्ल्ड कपला तालमीत टीव्ही आणला होता. आखाड्याच्या कडेला पोती टाकून आम्ही बसलो होतो. मेक्सिकोच्या हिरव्या जर्सीत एक बुटका हाफ होता. मैदानाच्या मध्यात तो नुसता पळत होता. स्वतःच्या गोलसमोर बॉल काढायचा, नेऊन द्यायचा, परत मागं यायचा. गोल दुसरेच मारत होते, नाव त्यांचंच होत होतं. याचं नाव पडद्यावर दोनदा आलं आणि दोन्ही वेळा आमचे कोच आप्पा समोर उभे होते. त्यामुळं त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. पण मी ठरवलं, खेळायचं ते तिथंच, मधे. दुसऱ्या दिवशी सरावाला मी इतका पळलो की अभिनंदन ओरडला, "आगा मेक्सिको, बॉल तरी घेऊन पळ की!" नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी तालमीत पहिल्यांदा गेलो त्या दिवशी घरी बाबांनी एकच प्रश्न विचारला होता.

"पाणी कशातनं देत्यात?"

"पिंप हाय. साखळीला ग्लास बांधलाय. सगळी त्यातनंच पित्यात."

"सगळी?"

"व्हय."

"मग खेळ."

बाबांच्या मूळ गावी हॉटेलच्या मागच्या कोनाड्यात आमच्या लोकांसाठी कप वेगळे असायचे. आपणच विसळायचे, आपणच उपडे ठेवायचे. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि त्या हॉटेलचा चहा सोडला. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे: सगळ्यांच्या भांड्यातून मिळालं तर प्यायचं, नाहीतर तहानलेलं घरी यायचं. माझं फुटबॉल त्या साखळीच्या ग्लासावर उभं होतं.

अभिनंदनच्या घरी पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय पीत नाहीत. तोही त्याच ग्लासानं प्यायचा. म्हणायचा, "आमच्या आईनं बघितलं तर मलाच गाळून घेईल."

दम

खोकला सप्टेंबरात सुरू झाला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पहाटे बनियन भिजायचा. पळताना पाऊण मैदान गेलं की छातीत कुणीतरी पोतं टाकल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडं याला एक शब्द आहे: दम. दम आहे, दम नाही, दम तुटला, दम वाढवायला पाहिजे. फुप्फुस नावाचा अवयव आमच्या तालमीला ठाऊक नाही. आप्पा मूळचे पैलवान. त्यांनी मला बघितलं, बरगड्यांवर बोटं फिरवली आणि निदान केलं.

"खुराक कमी पडालाय तुला."

झालं! रोज सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या जास्त. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारेखाली धरलेला फेसाळ ग्लास, समोर पिळलेलं, गरम, न उकळलेलं. आप्पा शेजारी उभे राहून पाजायचे. मी पीत होतो आणि वजन उतरत होतं. खोकला वाढला तसा दुधाचा दुसरा ग्लास सुरू झाला. यात कुणाचीही लबाडी नव्हती. आप्पांनी पोटच्या पोरासारखं मला पाजलं आणि त्या मायेत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत मी तालमीच्या कपडे बदलायच्या खोलीत, खिडकी बंद, दार लावलेलं, वीस पोरांच्या मधे बसून खोकत होतो.

मी तेव्हा विद्यार्थी संघटनेत होतो. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर पत्रक मी लिहिलं होतं, मेसच्या अळ्यांवर मी लिहिलं होतं. माझ्या छातीत काय चाललंय यावर मात्र मी एक ओळ वाचलीसुद्धा नव्हती.

खोका

नोव्हेंबरच्या शेवटी रुमालावर लाल ठिपका दिसला. सरकारी दवाखान्यात गेलो. थुंकी तपासायला तीन वेळा छोट्या डबीत द्यावी लागते. दोन दिवसांत मी ती डबी खिशात लपवून अशी नेली जशी चोरीची आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदाकडं बघितलं आणि म्हणाले, "टी.बी. आहे. सहा महिने गोळ्या. बरा होशील." एवढंच. रांगेत पुढचा माणूस आत आला.

मी बाहेर बाकावर बसलो. डोक्यात 'बरा होशील' नव्हतं. सीझन पंधरा दिवसांवर आलाय, हे होतं.

गोळ्या देणाऱ्या सिस्टर मुरगूडच्या. आवाज मैदानभर जाईल असा. त्यांनी पुठ्ठ्याचा एक लाल खोका काढला, त्यावर पेननं माझं नाव लिहिलं आणि समोर आपटला.

"हा तुझा. सहा महिन्यांच्या सगळ्या गोळ्या ह्यात हाईत. दुसऱ्या कुणाला मिळणार न्हाईत आन् तुला कमी पडणार न्हाईत. सोमवार, बुधवार, शुक्रवार हितं येऊन माझ्यासमोर गिळायच्या. बरं वाटलं म्हणून सोडलास तर परत उठतोय, आन् मग औषधाला जुमानत न्हाय. काय करतोस?"

"फुटबॉल. तालमीत मेक्सिको म्हणत्यात."

"मग पासपोर्ट आणलास काय? तोंड उघड."

सात गोळ्या एकदम. तासाभरात लघवी केशरी झाली आणि मला वाटलं आता रक्तच चाललंय. पळत परत गेलो. सिस्टर हसल्या, "गोळीचा रंग हाय तो मर्दा. भ्यालास?" भ्यालो होतो. हे लिहायला मला लाज नाही. या गोळ्या घ्यायची वेळ आली तर तुम्हालाही तसाच रंग दिसेल, भिऊ नका.

निघताना त्यांनी सांगितलं, "तुझ्यासंगं खोलीत बसत्यात त्यास्नी सांग. तीन आठवडं खोकतोय असा कोण असंल तर हिकडं पाठव. हे इसरू नको." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं त्यावर अडलेलं आहे.

साडेतीन वाजता

मी सांगितलं. घरी, आणि तालमीत फक्त आप्पांना, एकट्यात. ते म्हणाले, "तू कुणापाशी बोलू नको. मी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं. त्या रविवारी मी टीमबरोबर बसायला म्हणून गेलो. खिडकीच्या कठड्यावर गुलाबी प्लॅस्टिकचा एक ग्लास होता. मोज्यांना लावतात ती काळी टेप त्याला दोन वेढे गुंडाळली होती.

"सुगत," आप्पा म्हणाले. मेक्सिको म्हणाले नाहीत. "आजपास्नं तुझं पाणी ह्यातनं. तुझ्याच चांगल्यासाठी हाय."

कुणीतरी मागून म्हणालं, "मेक्सिकोला स्पेशल व्हिसा!" दोघंतिघं हसले. बाकीच्यांनी बुटांकडं बघितलं. अभिनंदननं माझ्याकडं बघितलं, मग ग्लासाकडं, आणि हातातली टेप तोडायचं विसरून गेला.

त्यांच्या मनात माझी जात नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण मला कोनाड्यातले कप दिसले. आणि मी काय केलं? पत्रकं लिहिणारा, घोषणा देणारा मी? तो ग्लास उचलला, पिंपाची तोटी सोडली, प्यालो, आणि म्हणालो, "बरं, आप्पा."

खोकणाऱ्यांना तपासायला पाठवा, हे सिस्टरचं वाक्य त्या खोलीत कुणीच उच्चारलं नाही. आप्पांनी नाही, मीही नाही. एक ग्लास ठेवला आणि बंदोबस्त झाला असं सगळ्यांनी धरलं.

लिहून द्या

घरी आलो तर तिथंही तेच. शेजारणीनं सांगितलं म्हणून आईनं माझं ताट आणि ग्लास वेगळा काढून चुन्याचा ठिपका लावला होता. बाबा कामावरून आले, पाणी प्यायला वाकले आणि तसेच थांबले.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," आई म्हणाली. "पोरीचं तान्हं लेकरू हाय घरात. त्याला काय झालं म्हंजे?"

"आपल्या घरात?"

"मग काय करू? तुम्ही सांगा की!"

बाबा पाणी न पिताच उंबऱ्यावर जाऊन बसले. आई चुलीकडं तोंड करून रडत होती. तिचंही काय चुकलं? तिला नातवाची काळजी होती आणि खरं सांगायला कुणी घरी आलं नव्हतं.

बुधवारी बाबा अर्धी रजा टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आले. सिस्टरसमोर उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, ग्लासातनं हुतोय काय हो?"

"न्हाय, पावणं. ग्लासातनं न्हाय, ताटातनं न्हाय. खोकल्यातनं, कोंदट हवेतनं हुतोय. खिडक्या उघडा, त्यानं तोंडावर रुमाल धरायचा, आन् गोळी चुकवायची न्हाय. बाळालाबी हिकडं दाखवून घ्या एकदा."

"लिहून द्या."

"काय?"

"ग्लासातनं हुत न्हाय, हे लिहून द्या. सही करून."

सिस्टरांनी केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं. बाबांनी ती चिठ्ठी घरी पाण्याच्या माठावर भिंतीला खिळ्यानं ठोकली. चुन्याचा ठिपका त्यांनी स्वतः घासला आणि माझ्याच ग्लासानं पाणी प्याले, आईसमोर. आईनं दुसऱ्या दिवशी बाळाला दाखवून आणलं. बाळ ठणठणीत होतं.

ती चिठ्ठी तालमीत न्यावी असं माझ्या मनात रोज यायचं. नेली नाही. मला टीममध्ये परत यायचं होतं. भांडण काढलं तर मधली जागा जाईल, हे डोक्यात.

जीप

फेब्रुवारीत थुंकी स्वच्छ आली. वजन परत चढलं. डॉक्टर म्हणाले, आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही, झेपेल तसा हळूहळू खेळ, गोळ्या मात्र पूर्ण कर.

आणि आप्पांचा निरोप आला. बुधवारी सेमीफायनल. मंगळवारी सकाळी सगळ्यांनी बिद्रीजवळ एकाच्या मळ्यात मुक्कामाला जायचं आणि थेट मॅचलाच परतायचं. मला मधे खेळवणार. मी सांगितलं, बुधवारी सकाळी गोळी आहे.

"बास झाल्या आता गोळ्या," आप्पा म्हणाले. "उष्ण पडत्यात त्या, दम मारत्यात. आन् त्या रांगेत तुला दुसऱ्या पेठेच्या पोरानं बघितलं तर गॅलरीतनं काय वरडतील, ठावं हाय न्हवं?"

मी गेलो. होय, गेलो. मंगळवारी सकाळी जीपमध्ये चढलो. थंडी म्हणून काचा बंद. पोरं गाणी म्हणत होती. कुणीतरी "मेक्सिको आला रे!" म्हणून पाठीत थाप मारली आणि मला वाटलं, एका गोळीनं काय होतंय? शेजारी अभिनंदन टॉवेलमध्ये तोंड घालून खोकत होता. मी विचारलं, "काय रं?" तो म्हणाला, "धूळ." मी मान डोलावली. तीन महिने मीही धूळच म्हणत होतो, आणि मला कळलं नाही.

कळंबा मागं पडलं. माझ्या पायाशी सामानाची पिशवी होती. पाण्याची कळशी, फरसाण, आणि वर तो गुलाबी ग्लास, काळ्या टेपेचा. मुक्कामालाही बरोबर घेतला होता. माझी थुंकी स्वच्छ होती, तसा कागद माझ्या खिशात होता, तरी ग्लास आला होता. आणि खोक्यावर माझं नाव लिहिणारी बाई उद्या सकाळी गोळ्या काढून वाट बघणार होती.

"गाडी थांबवा."

"काय इसरलास?"

"उतरायचं हाय मला. उद्या गोळी हाय."

आप्पा पुढच्या सीटवरून वळले. "उतरलास तर ह्या टीमच्या गाडीत परत चढायचं न्हाय."

सहा वर्षं मी त्या हिरव्या जर्सीवाल्यासारखा पळालो होतो. उतरलो. अभिनंदननं काच खाली केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. जीप गेली. मी चालत परत आलो.

बुधवारी सकाळी गोळ्या गिळल्या, दुपारी गॅलरीत बसलो. आम्ही हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत अभिनंदन गोलपोस्टला धरून उभा होता. साधा आलेला बॉल त्याच्या हातातून सुटला. पेठ म्हणाली, मेक्सिकोनं दगा दिला. कुणी म्हणालं, अभ्याचा दम गेला.

दम गेला! तोच शब्द, आणि मी तो ऐकून घरी गेलो.

सकाळी सात

एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी सात वाजता अभिनंदन आमच्या दारात आला. सायकल भिंतीला लावायचं त्राण त्याला नव्हतं. टॉवेल उलगडून त्यानं मला दाखवला. ठिपका नव्हता, डाग होता, मोठा.

"कधीपास्नं?"

"जानेवारीपास्नं हाय."

"जानेवारी? अभ्या, माझ्याशी तरी बोलायचं न्हाईस? मला सगळं म्हाईत हाय, मी नेलं असतं तुला!"

तो उंबऱ्यावर बसला. दम घेऊन म्हणाला, "तुझा ग्लास बघितलता की मी."

एवढंच म्हणाला. तीन महिने खोकला गिळून हा माणूस गोलमध्ये उभा होता. रोगाची भीती त्याला नव्हती, रोग काय ते त्याला माहीतच नव्हतं. त्याला खिडकीच्या कठड्याची भीती होती.

बाबांनी त्याला पाणी दिलं, साखळीला न बांधलेल्या घरच्या ग्लासानं. मग आम्ही दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं. त्याच्या छातीत पाणी झालं होतं, भरती करावं लागलं. मी सिस्टरना विचारलं, "माझ्याकडनंच झाला काय त्याला?" त्या खोक्यावर अभिनंदनचं नाव लिहीत होत्या. म्हणाल्या, "असंल, नसंल. ते शोधत बसू नको. उशीर कशानं झाला, ते शोध."

अभिनंदनचा खोका पूर्ण झाला. तो बरा आहे, दुकानात बसतो, खोकत नाही. पण एका बाजूचं फुप्फुस आकसलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोठी उडी आता विसरायची. जानेवारीत आला असता तर आज गोलमध्ये तो असता. हा अन्याय. तो डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी साडेतीनला झाला, आणि तेव्हा 'बरं, आप्पा' म्हणणारा मीही त्यात आहे.

टेप

अभिनंदनला भरती केलं त्याच दिवशी मी भिंतीवरची चिठ्ठी काढली आणि तालमीत गेलो. आप्पा एकटेच आखाड्याच्या कडेला बसले होते. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होतो.

"माझा थोरला भाऊ ह्यानंच गेला," ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा हुतो. त्याचं ताट आई राखंनं घासून गोठ्यात ठेवायची. त्यो तिथंच जेवायचा. आम्ही जवळ न्हाय गेलो कधी." मग चिठ्ठी हातात घेऊन, "ताटातनं हुत न्हाय म्हणतोस?"

"न्हाय, आप्पा."

"मग त्यो गोठ्यात का जेवला रं?"

सोमवारी सकाळी आप्पा खोकणाऱ्या तीन पोरांना आणि त्यांच्याबरोबर सगळ्या टीमला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभे होते, सगळ्यात पुढं, स्वतःची डबी हातात धरून. दुसऱ्या पेठेच्या पोरांनी बघितलं. बघू दे!

आणखी एकाची थुंकी बाधित निघाली. लवकर निघाली. तो आज लेफ्ट विंगला खेळतो. मी मधे खेळतो, पूर्वीचा दम अजून परत आलेला नाही, पण पाऊण मैदान पार होतं. कपडे बदलायच्या खोलीची खिडकी उघडी असते, ती बंद करणाऱ्याला आप्पा शिव्या देतात. गुलाबी ग्लासाची टेप मी नखानं काढली. तिचा चिकटा अजून राहिलाय, बोटाला लागतो. तो ग्लास आता पिंपावर साखळीच्या ग्लासाशेजारी असतो आणि ज्याच्या हाताला लागेल तो त्यातून पितो.

आता तुम्ही. तुमच्या घरात, तालमीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये असा एक ग्लास आहे. कुणाचा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तो कुठं ठेवलाय तेही. हा कागद खाली ठेवा. उठा. तो ग्लास उचलून बाकीच्या ग्लासांत मिसळा आणि त्यातून पहिलं पाणी तुम्ही प्या, ज्याचा तो आहे त्याच्या डोळ्यांसमोर. मग खिडकी उघडा आणि मोठ्यानं विचारा, तीन आठवडे कोण खोकतंय? 'धूळ' असं उत्तर आलं तर ते ऐकून घेऊ नका. हाताला धरून त्याला आजच न्या.